धुळीवर लिहिलेले नाव

सज्जनहो, धुळीने भरलेली गाडी दिसली की तिच्यावर बोटाने काहीतरी लिहावेसे वाटते. पोरे लिहितात. म्हातारेही लिहितात, हे मी स्वतःवरून सांगतो.

गेल्या आषाढीच्या आधी पुतण्याने काळी गाडी घेतली. माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली, तेव्हा शिरवळहून आम्ही त्याच गाडीने दर्शनाला गेलो. पावसाने ओढ दिली होती. परत येईतो गाडीवर पिठासारखी धूळ बसली. मन भरलेले होते. दारात उतरलो, बोट पुढे गेले आणि बोनेटवर ‘विठ्ठल’ अशी ठळक अक्षरे काढली. दोनदा गिरवली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने गाडी धुतली. धूळ गेली, अक्षरे राहिली. सकाळी दिसली नाहीत, संध्याकाळी ऊन तिरपे झाले तेव्हा केसासारख्या रेघा उमटल्या. गाडीचे अजून दोनच हप्ते गेले होते. शेजारचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा नेहमी त्या गाडीभोवती घुटमळतो. पुतण्याने त्याला बोलावले, विचारले. तो ‘मी न्हाई’ म्हणाला आणि त्याच्या कानशिलात बसली. मी ओसरीवर होतो. हातात माळ होती. मी बोललो नाही.

चाळीस वर्षे वीणेकऱ्यापुढे उभा राहून लोकांना सत्य सांगितले, आणि त्या एका घटकेला जीभ टाळूला चिकटली. रात्री त्या मुलाला हाक मारून पेढा दिला. त्याने घेतला, पण माझ्यासमोर खाल्ला नाही.

चार दिवसांनी महामार्गाच्या कडेला रंगकाम करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. मीही गेलो. ओरखड्यात काहीतरी भरून तो बुजवत असतील अशी माझी समजूत होती. मिस्त्री हसला. म्हणाला, ‘महाराज, तसं बी करतात. मेण भरायचं, गाडी विकायची. चार धुण्यात रेघ परत वर.’

मग त्याने समजावले. पत्र्यावर आधी अस्तर असते, त्यावर रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. हा वरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चाळीस-पन्नास. आपल्या डोक्याचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा. केसाहून पातळ त्या थराला ऊन सोसून रंग राखायचा असतो. बारीक ओरखडा त्या थरातच असतो. त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो डोळ्यांना दिसतो.

तो घालवायचा म्हणजे आजूबाजूचा धड भाग घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. सज्जनहो, इथे मी थांबलो. चरा वर येत नाही. भोवतालच्या शाबूत अंगाला खाली यावे लागते. आणि ते किती वेळा जमणार? थरच एवढासा. फार घासले तर पुढे उन्हाने रंग विटतो, वरचा पापुद्रा सुटतो.

मिस्त्रीने पहिल्यांदा भरपूर पाणी आणि शाम्पू घालून गाडी धुतली. बोनेटच्या कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला रंग पातळ असतो आणि मशीनने तो लवकर उडतो. मग रबिंग कंपाउंडचे चार थेंब, फिरत्या मशीनला लावलेला मऊ गोळा, हलका हात. मधेच थांबून मऊ फडक्याने पुसायचा आणि बॅटरी तिरपी धरून बघायचा. नंतर आणखी बारीक पॉलिश. घाई नाही. पखवाज लावणाऱ्याला असते तशी त्याला नजर होती.

एकदा त्याने पुतण्याला जवळ बोलावले आणि दरवाजावर बॅटरी धरली. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेकडो गोल रेघा! ‘या पोरानं केल्या न्हाईत. सुक्या फडक्यानं रोज धूळ पुसता नव्हं?’ धुळीत गारेचे कण असतात, ते या थराहून कठीण. फडके त्यांना ओढत नेते. पुतण्या रोज सकाळी प्रेमाने गाडी पुसत होता. त्याची मान खाली गेली. माझी आधीच गेलेली होती.

आता एक शंका कोणी विचारील: देवाचे नाव घासून काढले, दोष लागला का? चंद्रभागेच्या वाळवंटात पोरे रोज नाव लिहितात आणि त्यावरून वारकऱ्यांचे पाय जातात. त्याची मला चिंता नाही. माझी चिंता त्या पेढ्याची. तो पेढा म्हणजे मेण होते.

गाडीत बसल्यावर पुतण्याला सांगितले. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘तात्या, तुम्ही लिवलंय म्हणला असता तर मी एक शब्द बोललो नसतो.’ हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. उलट ते अधिक लागले. रेघ तीच, खाली खडा तोच. माझ्या बोटाने ओढली तर प्रसाद, पोराच्या बोटाने ओढली तर कानशिलात. मी गप्प बसलो तो त्या मानाला धरूनच, हे तेव्हा कळले.

जिथे चापट बसली त्याच गल्लीत, त्याच वेळी, त्याच्या आईसमोर मी मुलाला सांगितले, ‘ते मी लिहिले होते, आणि तुला मारताना मी बघत बसलो.’ पुतण्यानेही त्याची क्षमा मागितली. पदर सावरत ती माऊली म्हणाली, ‘असू द्या महाराज, ल्हान हाय त्यो.’ मी म्हटले, ‘असू द्यायचे की नाही ते त्याला ठरवू द्या.’

तो काही बोलला नाही. गाडीजवळ गेला, मिस्त्री बघत होता तसा तिरपा वाकून बघू लागला. बाकी सारे गेले होते, पण दोनदा गिरवताना ‘ठ्ठ’च्या पोटात कुठला तरी खडा खोल गेला होता. तेवढी रेघ मिस्त्रीने मुद्दाम सोडली होती. आणखी घासले तर रंग उघडा पडला असता. मुलाने ती शोधून काढली, तिच्यावरून नख फिरवले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आजोबा, हितं अडतंय.’