परतीचा पत्ता

प्रत्येक ईमेलला दोन प्रेषक असतात. एक मजकुराच्या वर ‘फ्रॉम’पुढे आपल्याला दिसतो. दुसरा प्रेषक सर्व्हर एकमेकांना सांगतात, पत्र हाती देण्याआधी, ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेतून. तो पाकिटावरचा प्रेषक. पत्र पोचलं नाही तर कुणाला कळवायचं, एवढंच तो सांगतो. ते लिहिलं कुणी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बाहेर जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर हा पाकिटावरचा पत्ता बदलतो, तेव्हा ते खोटी सही करण्यासारखं भासतं. मला मात्र त्यात जबाबदारीचा स्वीकार दिसतो.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम सांगणारा आरएफसी ८२१ हा दस्तऐवज लिहिला, तेव्हा परतीचा पत्ता ही चक्क एक वाट होती. पत्र पुढे नेणारा प्रत्येक सर्व्हर त्या वाटेच्या सुरुवातीला आपलं नाव जोडत असे. पत्र अडलं, तर निरोप त्याच टप्प्यांनी मागे यायचा. पुढे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या डीएनएसमुळे कुणालाही थेट गाठता येऊ लागलं. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने अशा वाटा लिहिणं मोडीत काढलं. मधल्या हातांची नोंद परतीच्या पत्त्यातून पुसली गेली.

तिची उणीव भासली एसपीएफ आल्यावर. आपल्या नावाने कोणते सर्व्हर टपाल पाठवू शकतात, हे आता डोमेनं त्यातून जाहीर करू लागली. यात कोंडी झाली ती फॉरवर्ड करणाऱ्याची. विद्यापीठाच्या जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र माजी विद्यार्थ्याच्या नव्या पत्त्यावर धाडणारा सर्व्हर मूळ प्रेषकाच्या यादीत असणार कसा? यावर निघालेला तोडगा म्हणजे एसआरएस. फॉरवर्ड करणारा सर्व्हर परतीच्या पत्त्यात स्वतःचं डोमेन घालतो आणि मूळ पत्ता ‘@’च्या डावीकडे गुंफतो, सोबत काळाची खूण आणि गुप्त किल्लीने काढलेला हॅश. पत्र परतलं की हॅश पडताळायचा, मूळ पत्ता उलगडायचा, निरोप पुढे द्यायचा. हॅश नसता, तर या दारातून कुणीही कुठेही कचरा ढकलला असता. १९८२ ची वाटच इथे कुलूप लावून परत आली आहे, आणि मला ही रचना फार सुंदर वाटते.

तरी दिसणारा ‘फ्रॉम’ तसाच राहतो. त्याच्याशी मेळ मागणाऱ्या डीएमएआरसी या तपासणीचं समाधान एसआरएसने होत नाही. तिथे मूळ प्रेषकाची डीकेआयएम सही वाटेत न बिघडता पोचावी लागते. म्हणून फॉरवर्ड करताना मजकुराला हात लावू नये.

पत्ता बदलणाऱ्या नियमाने एक जागा मात्र कटाक्षाने टाळावी: रिकामा प्रेषक. पत्र परत आल्याचा निरोप मुद्दाम कोऱ्या परतीच्या पत्त्याने निघतो, म्हणजे तोही अडला तर त्याच्यासाठी आणखी निरोप जन्मत नाही. सरसकट नियमाने तिथे नाव भरलं, तर दोन सर्व्हर एकमेकांना नकार कळवत बसतील. आणि जिथे नाव भरायचंच आहे, तिथे ज्या पेटीत येणारं टपाल कुणीतरी खरोखर वाचतं, तिचाच पत्ता द्यावा.