गप्प केलेला इशारा

मालवणच्या बंदरावर वादळाचा बावटा लागला, की कोणी होडी वर ओढून घेतो, तर कोणी आभाळाकडे पाहून म्हणतो, "असले बावटे दर वर्सा लागतत!" या दुसऱ्याला वेडा ठरवण्याची घाई मी करणार नाही. प्रत्येक बावट्यामागून वादळ येतेच असे नाही, आणि होडी वर राहिली की चूल थंड राहते. पण हा माणूस बावटा खाली उतरवीत नाही. धोका तो स्वतःपुरता पत्करतो; मागून येणाऱ्याचा इशारा हिरावून घेत नाही.

संगणकाच्या जगात मात्र बावटा उतरवण्याची सोय आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर काम न थांबवता बजावतो, 'येथे काही खटकते आहे.' लिखाणाची शिस्त पाहणारी साधनेही तशीच बजावतात. ही मंडळी घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी. पुष्कळदा उगाच कुरकुरतात. मग 'येथे गप्प राहा' एवढी एक ओळ लिहिली, की सारे शांत!

२००६ साली डेबियन या संगणकप्रणालीत असेच घडले. ओपनएसएसएल या प्रोग्रामवर एका तपासणी-साधनाची कुरकुर होती. ती थांबवण्यासाठी, विचारपूस करूनच, दोन ओळी काढल्या गेल्या. पण गुप्त किल्ल्यांचा अंदाज कोणाला येऊ नये, ही सारी व्यवस्था त्यांतल्याच एका ओळीवर उभी होती. मे २००८ मध्ये उलगडा झाला: एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या निघू शकत होत्या अवघ्या ३२,७६८! लबाडी कोणाचीच नव्हती. दोन वर्षे उघडी राहिली ती मात्र परक्यांची कुलपे.

म्हणून इशारा कधीच गप्प करू नये काय? तसे नव्हे. शंभर फुकट इशाऱ्यांत एक खरा बुडून जातो. स्टाइलकॉप नावाच्या साधनाचा एक नियम मला म्हणूनच आवडतो: इशारा दाबायचा तर शेजारी कारण लिहा. अर्थात कारणाची जागा रिकामी नाही, एवढेच यंत्राला कळते. 'ठीक आहे' असे खरडले तरी त्याचे समाधान होते. कारण खरे आहे की नाही, हे पाहणारे साधन ज्याचे त्यानेच मनात बाळगायचे असते. दाबलेल्या इशाऱ्याची किंमत बहुधा दाबणारा देत नाही. ती देतो तो, ज्याला आपण कधी भेटणारही नाही. लिहून ठेवलेले खरे कारण म्हणजे त्या अनोळखी माणसाशी राखलेला प्रामाणिकपणा होय.