वाढलेल्या मोलाचा धनी कोण?

शहरें वाढतात असें आपण म्हणतों. वास्तविक मनुष्यें तीं वाढवितात. तथापि शहराची वाढ ही नदीच्या पुराप्रमाणें आपोआप येणारी गोष्ट आहे, तिच्यापुढें कोणाचें कांहीं चालावयाचें नाहीं, असें मानण्याची संवय आपणां सर्वांस जडली आहे. मुंबईंत एखादी जुनी चाळ जाऊन तिच्या जागीं चाळीस मजल्यांची इमारत उभी राहिली, कीं जाणारायेणारा मान वर करून पाहतो आणि 'काळाचा महिमा' एवढें म्हणून पुढें जातो. काळाचें नांव घेतलें म्हणजे विचार करण्याचा भार आपल्या डोक्यावरून उतरतो. परंतु चाळ पाडण्याचा ठराव काळ करीत नाहीं. तो माणसें करतात, आणि त्या ठरावानें कोणाचा तरी लाभ व कोणाची तरी हानि होते. जेथें माणसाचा हात आहे तेथें न्यायान्यायाचा प्रश्न आलाच. पुनर्विकास या नांवानें जो व्यवहार आज मुंबईंत गल्लोगल्लीं चालला आहे, त्यांतील न्यायाचा प्रश्न प्रस्तुत लेखांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं दोन प्रचलित मतांचा निकाल लावणें अवश्य आहे. पहिलें मत जुन्याच्या भक्तांचें. चाळींतला सामाईक गणपति, कठड्यावरच्या गप्पा, शेजारणीनें मागितलेली वाटीभर साखर, यांचीं वर्णनें वाचून कोणाचेंही मन हळवें होईल. पण हीं वर्णनें लिहिणारे बहुतेक लोक चाळ सोडून केव्हांच दुसरीकडे राहावयास गेलेले असतात, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. पहाटे चार वाजतां नळावर बादली घेऊन उभी राहणारी स्त्री, सामाईक शौचकूपापुढील रांग, आणि एका खोलींत निजणारीं आठ माणसें, हाही त्याच चाळीचा इतिहास आहे. शिवाय जुन्या भिंती केवळ गैरसोयीच्या नसतात, त्या जीवघेण्याही असतात. २०१७ सालच्या ऑगस्टच्या अखेरच्या दिवशीं भेंडी बाजारांतील एक जुनी इमारत कोसळून तीसांहून अधिक माणसें गेलीं. ज्यांच्या डोक्यावर असें छप्पर आहे त्यांस 'तुमची चाळ ही आमची संस्कृति आहे' असें सांगणें हें निर्दयपणाचें आहे.

दुसरें मत नव्याच्या भक्तांचें. जुनें गेलें, नवें व उंच आलें, तेव्हां जें झालें तें बरेंच झालें, अशी यांची विचारसरणी. या मताचा पोकळपणा मुंबईच्याच इतिहासावरून दाखवितां येतो. १८९६ सालीं शहरांत प्लेगची साथ उद्भवली. तेव्हां कोंदट वस्त्या हेंच रोगाचें माहेर होय असें ठरवून १८९८ सालीं सरकारनें 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' नांवाची संस्था स्थापन केली. तिनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या, आणि शहरास हवा व उजेड दिला, हें कोणीही कबूल करील. पण आरंभींच्या वर्षांत या ट्रस्टनें जितकीं घरें पाडलीं तितकीं बांधलीं नाहींत. उठविलेलीं गरीब कुटुंबें शेजारच्याच, आधींच भरून गेलेल्या चाळींत शिरलीं. एका गल्लीचा कोंदटपणा गेला, तो पुढच्या गल्लींत दुप्पट झाला.

हा दोष ज्यानें स्पष्टपणें ओळखला, तो पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश पंडित १९१४ सालीं हिंदुस्थानांत आला व १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचा पहिला अध्यापक झाला. नगररचनाकारानें प्रथम वस्तींतून पायीं हिंडावें, कोणतें घर खरोखरच पाडण्यायोग्य आहे तें पाहावें, चारदोन घरें काढून थोडा चौक मोकळा करावा, आणि बाकीचें जपावें, असा त्याचा उपदेश होता. कुशल वैद्य शस्त्र धरतो तें रोगी वांचावा म्हणून; त्याच वृत्तीनें शहरावर शस्त्र चालवावें, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या शहरानें त्याला मान दिला, व्यासपीठ दिलें, पण त्याचा उपदेश मात्र फारसा ऐकला नाहीं.

आतां हल्लींच्या व्यवस्थेकडे वळूं. १९४७ च्या कायद्यानें मुंबईंतील जुन्या घरांचीं भाडीं १९४० सालच्या पातळीवर गोठविलीं. युद्धानंतरच्या महागाईंत भाडेकरूंचें रक्षण करणें हा हेतु चांगला होता. पण तात्पुरता उपाय कायमचा झाला. महिना दहावीस रुपये भाड्यांत मालक दुरुस्ती कशाची करणार? इमारती खचूं लागल्या, पागडीचा चोरटा व्यवहार बोकाळला, आणि अखेर १९६९ सालीं सरकारला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन करावें लागलें. या कायद्याखालीं १९,६४२ इमारती आल्या. एवढ्या इमारतींची डागडुजी उपकराच्या पैशांतून होणें शक्य नव्हतें, हें लौकरच दिसून आलें.

तेव्हां एक युक्ति निघाली, व १९९१ च्या विकास नियमावलींत तिला स्थान मिळालें. विकासकानें जुनी इमारत स्वखर्चानें नवी बांधावी, भाडेकरूंस नवीं घरें फुकट द्यावीं, आणि त्याच्या मोबदल्यांत सरकारनें त्यास नेहमींपेक्षां अधिक बांधकाम करूं द्यावें. जमिनीच्या मानानें किती बांधकाम करावें याचें जें प्रमाण, ज्यास कायदा चटईक्षेत्र निर्देशांक व बाजार एफ. एस. आय. म्हणतो, तेंच जणूं चलनी नाणें झालें. १९९५ सालीं झोपडपट्टी पुनर्वसनासाठीं स्वतंत्र प्राधिकरण निघालें व हीच युक्ति झोपड्यांसही लागू झाली. सरकारच्या तिजोरींतून बांधकामाचा खर्च नाहीं, गरिबास पक्कें घर, विकासकास नफा, तिघेही संतुष्ट! या मार्गानें हजारों कुटुंबांस स्वतःचा नळ व स्वतःचें शौचालय मिळालें, आणि ज्या बाईनें जन्मभर रांगेंत उभें राहून पाणी भरलें तिच्या आनंदास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

पण या युक्तीच्या पोटांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि आमचा सारा आक्षेप तिच्यावरच आहे. येथें गरिबाचें घर विकाऊ मजल्यांच्या नफ्यांतून निघतें. म्हणून जेथें नफा नाहीं तेथें घरही नाहीं. समजा, एकाच वयाच्या, सारख्याच मोडकळीस आलेल्या दोन चाळी आहेत. एक परळ-लालबागेंत हमरस्त्याला लागून प्रशस्त जागेवर, दुसरी गिरगांवांतल्या अरुंद बोळांत चिंचोळ्या जागेवर. दोहोंतील भाडेकरूंचें भाडें सारखें, भीति सारखी, आणि शहरावरचा त्यांचा हक्कही सारखा. पहिलीच्या दारीं विकासकांची रीघ लागते. दुसरी लांकडी टेकूंवर उभी राहून पावसाळे मोजते. अर्ध्यावर बाजार उतरला तर पहिलीचेंही काम थांबतें, आणि तात्पुरते म्हणून संक्रमण शिबिरांत गेलेले लोक तेथेंच म्हातारे होतात. शिवाय नफा साधावयाचा म्हणून पुनर्वसनाच्या इमारती कांहीं ठिकाणीं इतक्या खेटून उभ्या केल्या जातात कीं खालच्या मजल्यांवर भरदिवसा दिवा लावावा लागतो. बाजार तेजींत असला तर उगवणारा आणि मंदींत मावळणारा असा जो हक्क, त्यास हक्क कसें म्हणावें? ती सावकाराच्या मर्जीवरची भिक्षा होय, मग तिचा आकार तीनशें चौरस फूट कां असेना.

यावर कोणी म्हणेल, 'नफ्याशिवाय पैसा कोठून आणावा?' या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या एका प्रश्नांत आहे. परळच्या जमिनीस आज जी किंमत येते ती निर्माण कोणीं केली? मालकानें ती जमीन नांगरली नाहीं कीं तिच्यांत कांहीं पेरलें नाहीं. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या गिरणीकामगारांनीं तेथें घाम गाळला, खाणावळी चालविणाऱ्या बायकांनीं त्यांस जेवूं घातलें, आगगाडीनें माणसें आणलीं, नगरपालिकेनें तानसा तलावाचें पाणी आणलें, शाळा निघाल्या, रुग्णालयें निघालीं. या सर्वांच्या श्रमांचें मोल त्या जमिनींत मुरलें. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४८ सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत हेंच दाखविलें, कीं समाजाच्या भरभराटीबरोबर जमीनदार निजला असतांनाही श्रीमंत होत जातो, आणि अशा आयत्या वाढीवर समाजानें कर बसविल्यास त्यांत अन्याय नाहीं. १८७९ सालीं हेन्री जॉर्जनें हाच विचार पुढें नेऊन आपला सारा सिद्धांत त्यावर उभारला. जॉर्जचा सिद्धांत सर्वस्वीं न मानतांही एवढें मान्य करावें लागतें, कीं जें मोल सर्वांनीं मिळून वाढविलें त्याचा धनी एकटा मालक किंवा एकटा विकासक असूं शकत नाहीं.

हें तत्त्व आमच्या शहरास ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची मोडतोड झाली, तेव्हां १९९१ च्या नियमावलींत गिरण्यांच्या जमिनींचे तीन वांटे सांगितले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठीं, एक सार्वजनिक गृहबांधणीसाठीं, एक मालकासाठीं. यांत आमच्या तत्त्वाची अंधुक कां होईना ओळख होती. २००१ सालीं नियम बदलला आणि हे वांटे गिरणीच्या आवारांतील केवळ मोकळ्या जागेपुरते उरले. मग शहराच्या पदरीं पडलें तें अगदींच थोडें. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल वैध ठरविला. न्यायालयानें कायद्याचा प्रश्न सोडविला. नीतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो सोडविणें हें नागरिकांचें काम आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. घरमालक म्हणेल, पन्नास वर्षें मी नाममात्र भाडें घेतलें, त्याचें काय? त्याचें गाऱ्हाणें खरें आहे. भाडेकरूचें रक्षण साऱ्या समाजास करावयाचें होतें. त्याचा खर्च एकट्या मालकावर लादणें योग्य नव्हतें, आणि त्याची भरपाई त्याला मिळाली पाहिजे. पण झालेल्या हानीची भरपाई निराळी, आणि दुसऱ्यांनीं वाढविलेल्या मोलाची मालकी निराळी.

याहून बिकट आक्षेप डोंबिवलीच्या कारकुनाचा. वीस वर्षें कर्जाचे हप्ते भरून आणि लोकलच्या दारांत लोंबकळून त्यानें दोन खोल्या घेतल्या. झोपडींत राहणाऱ्यास मुंबईंत घर फुकट कां? या प्रश्नांतला संताप आम्हांस समजतो. परंतु तें घर फुकट नाहीं. ज्यानें रस्ते झाडले, ओझीं वाहिलीं, आपल्या घरीं धुणीं-भांडीं केलीं, त्यानें वाढविलेल्या मोलाचा एक लहानसा अंश त्याला परत मिळतो. आणि कारकुनास जी अव्वाच्या सव्वा किंमत मोजावी लागली, ती तरी कोठें गेली? त्यानेंही शहराचें मोल वाढविलें, आणि तेंच वाढलेलें मोल त्याला पुन्हा विकत घ्यावें लागलें. त्याची तक्रार रास्त आहे. फक्त ती झोपडीवाल्याविरुद्ध करण्यांत तो चुकतो.

तिसरी अडचण तारखेची. झोपडीधारकास फुकट घर मिळण्यासाठीं तो १ जानेवारी २००० पूर्वींचा असावा लागतो. राज्यकारभारास कोठें तरी रेघ ओढावी लागते हें खरें. पण रेघ ही कारभाराच्या सोयीसाठीं असते. तिच्या एका बाजूस माणूस आणि दुसऱ्या बाजूस अतिक्रमण, असा भेद ती उत्पन्न करूं शकत नाहीं.

मग करावें काय? आमचें म्हणणें थोडक्यांत असें: जमिनीच्या वाढलेल्या मोलाचा मोठा वांटा सार्वजनिक समजून एकत्र करावा, आणि तो धोक्याच्या क्रमानें खर्च व्हावा, भावाच्या क्रमानें नव्हे. परळचा नफा गिरगांवच्या बोळांत पोंचला पाहिजे. हें अशक्य नाहीं. १९२० नंतर सरकारी विकास खात्यानें बांधलेल्या बी. डी. डी. चाळींचें उदाहरण पाहावें. जमीन सरकारची असल्यामुळें तेथें पुनर्विकासाचें काम म्हाडानें स्वतः हातीं घेतलें, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळींतील ५५६ कुटुंबांस १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. येथेंही कांहीं भाग विकावयाचाच आहे. पण विक्री कोणाच्या हिताकरितां, हें तेथें निदान विचारतां येतें.

अर्थात् चौरस फुटांनीं सर्व मोजलें जात नाहीं. चाळींत दरवाजा उघडा ठेवून निजणाऱ्या म्हातारीची चौकशी दहा माणसें करीत. तिसाव्या मजल्यावर ती करील कोण? लिफ्टचा व पाण्याच्या पंपाचा मासिक खर्च, ज्याला सर्व लोक 'मेंटेनन्स' म्हणतात, तो निवृत्त कामगारास झेपला नाहीं, तर फुकट मिळालेलें घर विकून त्याला शहराबाहेर जावें लागेल. म्हणून घर देणें म्हणजे त्या घरांत टिकून राहतां येईल अशी तजवीज करणें होय.

आमचे बहुतेक वाचक चाळींत किंवा झोपडींत राहत नाहींत. परंतु दादर, पार्लें, मुलुंड येथील त्यांच्या सोसायट्यांच्या सभांतूनही हल्लीं पुनर्विकासाचाच विषय असतो: जागा किती वाढवून मिळेल, कॉर्पस किती, भाडें किती. आपल्या वडिलांनीं थोडक्या पैशांत घेतलेल्या दोन खोल्यांचे आज कोट्यवधि रुपये होतात, ते वडिलांच्या दूरदृष्टीमुळें झाले अशी आपली गोड समजूत असते. त्यांतले किती आपल्या कुटुंबाचे आणि किती या शहराचे, हा हिशेब त्या सभेंत कोणी मांडीत नाहीं. सरकारनें व विकासकांनीं न्यायानें वागावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हा हिशेब प्रथम आपल्या घरीं मांडून पाहावा. शहराच्या देण्याचा एक आकडा आपल्याही खात्यावर निघतो हें ज्यास पटलें, त्यालाच शेजारच्या चाळीच्या वतीनें बोलण्याचा खरा अधिकार येईल.