डाव आणि दास्य

खेळ ही लहान मुलांची गोष्ट, मोठ्यांनी तिचा विचार तो काय करायचा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यातून आपण कायकाला मानणारे. घाम गाळून मिळवावे आणि दासोहात वाटावे ही ज्यांची शिकवण, त्यांना पटावर घालवलेला वेळ फुकट गेला असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि शिवाच्या सृष्टीव्यापाराला आपण 'लीला' म्हणतो, आणि चामरस कवीने पंधराव्या शतकात अल्लमप्रभूंचे चरित्र कन्नडमध्ये रचले तेव्हा ग्रंथाला नावही 'प्रभुलिंगलीले' असेच दिले. ज्याला काहीच कमी नाही त्याने जग निर्माण करण्याच्या खटाटोपात का पडावे, या प्रश्नाला ब्रह्मसूत्रकार बादरायणांनाही लीला हेच उत्तर द्यावे लागले. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत बसलेली कोरली आहेत. पुराणातल्या कथेत तर शिव हरतो, अंगावरचे सारे गमावतो. (अशा पुराणकथा शरणांना कितपत रुचल्या असत्या, हा प्रश्न निराळा.) तेव्हा खेळ ही क्षुद्र गोष्ट नव्हे, एवढे मान्य करून पुढे जावे.

खेळ म्हणजे नेमके काय? योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या मते खेळाचे पहिले लक्षण स्वेच्छा हे होय. हुकमाने खेळवला तो खेळ नव्हे. पुढे १९७८ साली बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने अधिक चपखल व्याख्या केली. अनावश्यक अडथळे स्वखुशीने अंगावर घेऊन ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, असे तिचे सार सांगता येईल. त्याने उदाहरण गोल्फचे दिले. आपल्याला त्यासाठी परक्या मैदानावर जायला नको, अंगणातली लंगडी पुरेशी आहे. देवाने धावायला दोन पाय दिले असताना मूल एक पाय उचलून धरते आणि उरलेल्या एका पायावर इतरांना पकडू पाहते. दुसरा पाय टेकला तर शिवणे सोपे होईल, पण मग लंगडी उरणार नाही. हे बंधन मुलाने स्वतःच घातलेले असते, आणि म्हणूनच त्याला ते बंधन वाटत नाही. कंटाळा आला, आईने हाक मारली, की दुसरा पाय खाली येतो आणि सारे मिटते.

माझ्या मते खेळाचे सर्व नीतिशास्त्र या दुसऱ्या पायात आहे. तो खाली टेकता येतो तोवर खेळ. टेकता येईनासा झाला की नाव खेळाचेच राहते, परंतु वस्तू बदलते.

आपल्या कायद्याने हा प्रश्न बरीच वर्षे वेगळ्या बाजूने सोडवू पाहिला. १८६७ च्या जुगारबंदी कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्त्यांतील रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणाऱ्यांनी पुढे याच भेदाचा आधार घेतला. कौशल्य की नशीब, एवढाच प्रश्न उरला. पण निष्णात खेळाडूही घरदार घालवू शकतो, आणि कवड्यांच्या दानावर चालणारा सारीपाट खेळून दोन म्हाताऱ्या संध्याकाळी हसत आपापल्या घरी जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला, त्यात हा भेद गैरलागू ठरवला. त्या कायद्याच्या बाकी बाजू जाणकारांनी पाहाव्यात. भेद टाकला हे मला योग्य वाटते.

परंतु पैसा काढून घेतला म्हणजे दास्य गेले, असेही नाही. नताशा शूल या अमेरिकन विदुषीने लास वेगासच्या जुगारयंत्रांचा अभ्यास करून २०१२ साली पुस्तक लिहिले. यंत्रापुढे तासन्‌तास बसणारे लोक जिंकण्यासाठी बसतच नाहीत, बसून राहता यावे म्हणून बसतात, असे तिला आढळले. यंत्राची रचनाच तशी केलेली असते. सारीपाटाला शेवट आहे; सोळा सोंगट्या, आणि त्या घरी पोचल्या की डाव संपतो. कन्नड घरांतल्या अळगुळी मणेच्या चौदा खळग्यांतले चिंचोके संपले की पाट उचलून ठेवावा लागतो. जुन्या खेळांच्या अनाम रचनाकारांनी पटातच उठण्याची जागा ठेवली होती. मोबाइलवरच्या पुष्कळ खेळांतून हीच जागा जाणूनबुजून काढून टाकलेली आहे. एक पातळी संपली की दुसरी. आज आलात तर बक्षीस, उद्या चुकलात तर साखळी तुटली. 'लूट बॉक्स' नावाची बंद पेटी पैसे देऊन उघडायची, आत काय निघेल ते उघडल्यावर कळणार; २०१८ साली बेल्जियमने काही खेळांतल्या अशा पेट्यांना जुगारच ठरवले. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर जे प्रयोग केले त्यांतले तत्त्व हेच. दाणा ठरावीक वेळी न देता अनिश्चित दिला, तर पक्षी चोच मारतच राहतो. सद्भक्तहो, मुलाला 'तुला मनोनिग्रह नाही' म्हणून बोल लावण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. त्याच्या समोर जे आहे ते त्याने उठू नये अशाच हेतूने, पगारी माणसांनी, मोजून मापून घडवलेले असते. नियम घडवणाऱ्याच्या माथी या पापाचा मोठा वाटा जातो.

महाभारतात या विषयाच्या दोन कथा आहेत, आणि त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. युधिष्ठिराला कोणी कोंडून ठेवले नव्हते. पहिल्या द्यूतात गेलेले सर्व द्रौपदीमुळे परत मिळाले, तो इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलाही, आणि पुन्हा बोलावणे येताच वाटेतून माघारी फिरला. आव्हान आले तर नाकारायचे नाही, असे त्याचे व्रत! स्वेच्छेने घेतलेल्या नियमाची बेडी कशी होते याचे याहून स्पष्ट चित्र मला ठाऊक नाही. नळही कित्येक महिने पुष्कराशी खेळत राहिला. प्रजा दाराशी येऊन उभी राहिली, दमयंतीने विनवले, त्याने मान वर केली नाही. पण राज्य गेल्यावर पुष्कराने 'आता दमयंती लाव' म्हटले, तेव्हा तो एक शब्द न बोलता अंगावरचे अलंकार उतरवून उठला. सर्वस्व गेल्यावर का होईना, त्याचा दुसरा पाय जमिनीला लागला. युधिष्ठिराचा त्या क्षणी लागला नाही.

पुढे ऋतुपर्ण राजाने नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे अंतरंग, शिकवले. त्यासरशी कली त्याच्या देहातून बाहेर पडला. नळाने एकाच डावात राज्य परत जिंकले आणि पुष्कराला त्याचा वाटा देऊन सन्मानाने घरी पाठवले. ही सारी कथा वनवासात खिन्न बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी सांगतात. कथा संपल्यावर ते त्याच्याकडून पुन्हा न खेळण्याची शपथ घेत नाहीत. ते त्याला तेच अक्षहृदय देतात. अज्ञातवासाचे वर्ष त्याने विराटाच्या सभेत कंक या नावाने, राजाला फासे खेळवीत काढले.