राखणदाराची चूक

दान देणाऱ्याचा हात सुटल्यावर दानाचे पुढे काय होते, हा प्रश्न सर्वच धर्मांना पडलेला आहे. खैबर येथील आपल्या जमिनीचे काय करावे, असे उमर यांनी पैगंबरांना विचारले, तेव्हा मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न गोरगरिबांना, आप्तांना व वाटसरूंना द्यावे, असा सल्ला त्यांना मिळाल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. ती जमीन विकावयाची नाही, बक्षीस द्यावयाची नाही, वारसांत वाटावयाची नाही. वक्फ शब्दाचा अर्थच मुळी थांबविणे, रोखून धरणे. मालकी ईश्वराची, मुतवल्ली केवळ राखणदार. औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी दळण दळीत असे. दानाचे असे पीठ झालेले पाहिले की ही कल्पना अधिक चांगली कळते.

या ईश्वराच्या मालकीला आता संगणकावर जागा शोधावी लागत आहे. २०२५ च्या सुधारणा कायद्यानंतर केंद्र शासनाने ६ जून २०२५ रोजी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू केले. मुतवल्लीने माहिती भरावी, वक्फ मंडळाने तपासावी, शासनाच्या अधिकाऱ्याने मंजुरी द्यावी, असा क्रम. सहा महिन्यांची मुदत सरली तेव्हा सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांची माहिती भरण्यास प्रारंभ झाला होता. मंजूर झाल्या त्या २ लाख १७ हजारांच्या आसपास. आधीच्या शासकीय यादीतला आकडा मात्र ८ लाख ७२ हजारांचा होता.

नोंदीला विरोध करणे मला पटत नाही. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले होते की, या मालमत्तांचे वार्षिक उत्पन्न जेमतेम १६३ कोटी रुपये आहे आणि योग्य वापर झाल्यास ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकेल. मधली रक्कम कोणा अनाथाच्या ताटात पडलेली नाही. अंधाराचा लाभ नेहमी बळकटांनाच होतो.

परंतु ज्या कबरस्तानाला दानपत्रच नाही, केवळ पिढ्यान्पिढ्यांचा वापर आहे, त्याचे काय? ‘वापराने वक्फ’ ही तरतूद नव्या कायद्याने यापुढील काळासाठी वगळली. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती नाकारली. १९२३ च्या कायद्यापासून १०२ वर्षे मुतवल्लींनी नोंद केली नाही, तर आता तक्रार कशी ऐकावी, असा त्यामागचा विचार. कायद्याच्या अंगाने तो समजण्यासारखा आहे. नीतीच्या अंगाने मात्र तो अडखळतो. चूक राखणदाराची आणि नुकसान ज्याच्यासाठी राखावयाचे त्याचे, असा हा हिशेब होतो. पालकाने हलगर्जी केली म्हणून अज्ञान मुलाची इस्टेट आपण बुडू देत नाही. न्यायालयच तिचे रक्षण करते. मग येथे तोच न्याय का नसावा? ज्यांच्यासाठी दान झाले, त्यांतले काही तर अजून जन्मालाही आलेले नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारा कोणी नको काय?

१ डिसेंबर २०२५ रोजी सरसकट मुदतवाढ देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि न्यायाधिकरणांकडे बोट दाखविले. कायद्याने न्यायाधिकरणाला आणखी सहा महिने देता येतात. त्यासाठी अर्ज मात्र मुतवल्लीनेच करावयाचा आहे.