संगणकातला संबळ आणि देवीचे आवाहन

तुळजापूरच्या देवीची गाणी घरच्या संगणकावर रचली जाऊ लागली, त्याला आता बरीच वर्षे झाली. फ्रूटीलूप्स हे संगीत रचण्याचे सॉफ्टवेअर १९९७ च्या अखेरीस आले. पुढे स्टुडिओचे भाडे न परवडणाऱ्यालाही संबळ, हलगी, झांज एका पडद्यावर मांडता येऊ लागली. या साऱ्या खटाटोपातून देवीला हाक जाते का, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. यंत्रातला संबळ खोटा, हा नेहमीचा आक्षेप मला फारसा टिकाऊ वाटत नाही. हार्मोनियमही परदेशातून आलेली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. ठोके फार काटेकोर पडतात हे गाऱ्हाणेही वरवरचेच. क्वांटाइझ न करताही, म्हणजे ठोके आपोआप मात्रेवर न बसवताही, काम करता येते.

खरी अडचण वेगळी आहे. देवीच्या गोंधळाच्या विधीत चौक मांडतात, दिवटी पेटवतात, ठिकठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन बोलावतात आणि शेवटी आरती करून विधी संपवतात. हे संपणे विधीचाच भाग आहे. खुद्द तुळजाभवानीची मूर्ती चल, म्हणजे हलवता येणारी. वर्षातून तीनदा तिला पलंगावर निद्रेसाठी नेतात. जिथे देवीलाही विसावा आहे, तिथे संगणकातल्या गाण्याला मात्र शेवट नाही: जुनी फाईल उघडावी, ताल बदलावा, चुकलेले पुसावे. केव्हाही मागे घेता येते ते आवाहन कसले? म्हणून घरी बसून गाणे जुळवणाऱ्याला मी गोंधळी म्हणणार नाही. त्याचे नाते मूर्तिकाराशी. मूर्ती तो घडवतो. प्राणप्रतिष्ठा दुसऱ्याच्या हातून, नंतर कधीतरी होते.

मग त्याच्या कामात भक्ती नाहीच का? तुळजापूरच्या ज्या जिल्ह्यात गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे, तेर आहे, तिथे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. नामात दंग होऊन चिखल तुडवताना त्यांचे मूल पायाखाली आले, अशी कथा आहे. म्हणजे काम आणि भक्ती एकत्र नांदतात, पण एकीने दुसऱ्याचे भान राखावेच असे नाही. याहून बळकट आक्षेप असा, की मिरवणुकीत हेच गाणे स्पीकरवर लागले तरी एखादीच्या अंगात येते. येते खरे. पण तेव्हा ते कुणीतरी लावलेले असते, त्या रात्री, त्या गर्दीसाठी. रचणारा कदाचित दुसऱ्याच गाण्याची हलगी जुळवत बसलेला असतो. त्या हाकेचे श्रेय बटण दाबणाऱ्याला द्यायला मला संकोच वाटत नाही.