चिंचोके घेऊन बस, मग गोव्याला जा

पिंपळवंडी, ता. जुन्नर
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. दादूस,


परवा अक्काचा, तुझ्या आईचा, फोन आला. नाताळच्या सुट्टीत तू सगळ्यांना गोव्याला नेतो आहेस, एक रात्र पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, पुढचे दोन दिवस मोठ्या हॉटेलात, आणि त्या हॉटेलातही खाली कॅसिनो आहे, असं तिने सांगितलं. जेवणखाण सगळं पॅकेजात आलं म्हणाली. आवाज खूश होता तिचा. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले आणि ठरवलं की हे लिहूनच कळवायचं. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करशील आणि माझं अर्धं बोलणं राहून जाईल.

जाऊ नकोस असं मी लिहिणार नाही. तू चाकणला तीन-तीन पाळ्या काढल्यास, बायको-पोरांना कुठे नेलं नाहीस, अक्काने समुद्र पाहिलेला नाही. जा. पण आमच्या घरात जे झालं ते आधी ऐक. तुझ्या काकांना विचारूनच लिहिते आहे. "लिही, पोराच्या कामी येईल," असं तेच म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही गोव्याला गेलो होतो, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या रात्री आठला आम्ही हॉटेलात जेवायला उतरलो. काका म्हणाले, तुम्ही बसा, दहा मिनिटांत आलो. ते पत्त्यांच्या यंत्रापुढे बसले होते, व्हिडिओ पोकर म्हणतात तो. आमच्या सुनेने त्यांच्यासाठी तळलेलं पापलेट ताटात काढलं आणि वर दुसरं ताट झाकलं. नऊ वाजले, साडेनऊ झाले. नातू माझ्या मांडीवर झोपला. वाढणारा पोरगा दोनदा विचारून गेला, "आजी, हे उचलू का?" शेवटी मीच उठून बोलवायला गेले. आत ना खिडकी, ना भिंतीवर घड्याळ. काका मान वर न करता म्हणाले, "आत्ताच तर बसलोय." दोन तास झाले होते.

त्या रात्री अठरा हजार गेले. मला कळलं पंधरा दिवसांनी, द्राक्षाच्या छाटणीची मजुरी द्यायची वेळ आली आणि डब्यात पैसे कमी निघाले तेव्हा. अठरा हजारांचं दुःख मी एका हंगामात विसरले असते. पण पंधरा दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला, नातवाला मांडीवर घेतला, टीव्हीवर कीर्तन पाहिलं आणि हे पोटात ठेवून राहिला, ते मला अजून विसरता येत नाही. त्यांनाही येत नाही. म्हणून सांगते दादू, पैसे हरणं हे घराला एवढं लागत नाही. लपवणं लागतं. तुझी सगळी तयारी त्या एका गोष्टीच्या विरुद्ध असू दे.

निघायच्या आदल्या रात्री अक्का, सूनबाई, दोन्ही पोरं, सगळ्यांना बसव आणि खेळायचे पैसे सर्वांसमोर मोजून पाकिटात घाल. तीन हजार म्हण, पाच म्हण, जे झेपेल ते. तोंडाने सांग, की हे पैसे गेले. पेट्रोलचे गेले, टोलचे गेले, तसे हे गेले. पाकीट सूनबाईकडे दे. तुझं एटीएम कार्ड आणि मोबाइल खेळायच्या रात्री खोलीत ठेव. पोरांसमोर कशाला, असं तुला वाटेल. पोरांसमोरच. तेरा वर्षांच्या मुलाने बापाला एखाद्या गोष्टीची हद्द आखताना पाहिलेलं असावं.

आणि जेवणाची वेळ पाळ. कॅसिनोत वेळ कळू नये अशीच सगळी मांडणी असते, तेव्हा जेवण हेच तुमचं घड्याळ. आठ म्हणजे आठ. हातात काहीही आलेलं असो, पुढच्या डावात चार राजे दिसत असोत, उठायचं. जेवण झाल्यावर परत जाऊन बसायचं नाही. काकांचं घोडं तिथेच अडलं. त्या रात्री ते दहाला जेवले आणि "वसूल करून येतो" म्हणून पुन्हा खाली गेले. अठरातले अकरा हजार जेवणानंतरचे आहेत.

आता त्या यंत्राचं सांगते. मी तीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा हे माझ्या हातचं आहे.

यंत्र पाच पत्ते दाखवतं. हवे ते धरायचे, बाकीचे बदलायचे, एकदाच. गुलाम, राणी, राजा, एक्का यांपैकी कशाचीही जोडी जमली की लावलेला पैसा परत. दोन जोड्यांना दुप्पट, तीन सारख्यांना तिप्पट, आणि तसं वर. सगळ्यात वर एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. नीट खेळणाऱ्यालाही शंभरातले चोपन्न-पंचावन्न हात रिकामे जातात. एकवीस-बावीस हात असे, की फक्त आपलाच पैसा आपल्याला परत मिळतो. पण त्या वेळी यंत्र दिवे लावतं, घंटा वाजवतं आणि माणसाला वाटतं मी जिंकलो. काका मला शपथेवर सांगत होते, "अगं, सारखं लागत होतं." लागत होतंच. आपलेच दहा रुपये आपल्याला मिळत होते.

यंत्राच्या काचेवर कोणत्या हाताला किती मिळतात त्याचा तक्ता असतो. बसण्याआधी त्यातल्या दोनच ओळी बघ. तीन एकाचे आणि दोन एकाचे, याला किती, आणि पाचही एका रंगाचे, याला किती. नऊ आणि सहा असतील तर अचूक खेळणाऱ्याला सरासरीने शंभरातले साडेनव्याण्णव परत येतात. आठ आणि पाच असतील तर सत्त्याण्णवच्या थोडे वर. सहा आणि पाच असतील तर पंच्याण्णव. बाहेरून तिन्ही यंत्रं सारखीच दिसतात. पत्ते तेच, चित्रं तीच, फरक त्या दोन आकड्यांत.

पंच्याण्णव ऐकायला बरं वाटतं. पण हा हिशेब एकेका हाताचा आहे. दहाची पाच नाणी लावली तर हाताला पन्नास रुपये. नवखा माणूससुद्धा तासाला चारशे हात खेळतो, कारण बटण दाबण्यापलीकडे काम नाही. म्हणजे तासाला वीस हजारांची उलाढाल झाली आणि त्यातले हजार यंत्राकडे राहिले. त्यातही तो सगळ्यात मोठा हात साधारण चाळीस हजार हातांत एकदा येतो, आणि परताव्यातले सुमारे दोन टक्के त्या एकट्याच्या भरवशावर धरलेले असतात. तो तुझ्या दोन दिवसांत येणार नाही असंच धर. मग हजाराचे चौदाशे होतात, तेही एक चूक न करता. पाच नाणी लावली तरच मोठ्या हाताला भरघोस मिळतं, म्हणून पाचच लावा, असं जाणकार सांगतात. त्यांचं गणित बरोबर आहे, पण ते रोज खेळणाऱ्याचं गणित आहे. तू एकच नाणं लाव. परतावा जरासा कमी होईल, पण तासाला जाणारे पैसे अडीचशे-तीनशेच्या आसपास राहतील आणि तू आठ वाजता शांत डोक्याने उठशील.

दोन चुका सगळेच करतात, त्या तू करू नकोस. हातात छोटी जोडी असताना सोबत एक्का धरून ठेवायचा नाही, तीनही पत्ते बदलायचे. आणि राजांची किंवा राण्यांची जमलेली जोडी एका रंगाच्या किंवा सलग पत्त्यांच्या लोभाने फोडायची नाही. एकाच रंगाचे चार मोठे पत्ते हातात असतील तेव्हाची गोष्ट वेगळी, पण तेवढं तुझ्या वाट्याला क्वचितच येईल.

हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. गोव्याहून आल्यावर मी आणि काकांनी घरीच करून पाहिलं. फळीवरचा जुना पत्त्यांचा जोड काढला, दोनशे चिंचोके मोजून ताटलीत घेतले, सहा-पाचचा तक्ता वहीच्या पानावर लिहिला. काका खेळणार आणि मी यंत्र. एका हाताला एक चिंचोका. दोन संध्याकाळी मिळून दोनशे हात झाले. मधे एकदा चार नव्व्या आल्या तेव्हा काका उठून उभे राहिले, शेजारची पोरं पाहायला आली. शेवटी ताटलीत एकशे एकाहत्तर उरले. ते कितीतरी वेळ ताटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मला वाटत होतं की आज आपली चांगली चालली आहे."

मी वाद घातला नाही, पण त्यांनी घातला. म्हणाले, टोमॅटो तरी काय वेगळा आहे? जुलै २०२३ ला नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं, आपल्या जुन्नरातली माणसं त्या महिन्यात लखपती झाली, आणि गणपती येईपर्यंत भाव असा कोसळला की तोडणी परवडेना. हा जुगार नाही तर काय? खूपजण असं म्हणतात, तूही म्हणत असशील. मला ते पटत नाही. टोमॅटोत भाव उद्या काय होईल ते कुणालाच माहीत नसतं, व्यापाऱ्यालाही नाही. लागवड पुढे-मागे करता येते, औषध बदलता येतं, माल गेला तरी रान राहतं. यंत्रात मात्र सगळं आधीच ठरवून काचेवर लिहून ठेवलेलं असतं, फक्त आपण वाचत नाही.

तू अक्काला म्हणालास, तिथे सगळं कायदेशीर आहे. आहे. आपल्याकडे १८८७ च्या कायद्यापासून जुगाराला बंदी. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली मोडीत काढला. गोव्याचा कायदाही १९७६ चाच, पण १९९२ च्या दुरुस्तीने तिथे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवर पत्त्यांच्या मेजांना परवानगी मिळाली. म्हणून टेबलावरचा खेळ नदीत आणि यंत्रं जमिनीवर. पण त्याच गोव्याने फेब्रुवारी २०२० पासून आपल्या स्वतःच्या माणसांना आत खेळायला मनाई केली आहे. बाहेरच्यांनी यावं, घरच्यांनी नको. कायदेशीर म्हणताना एवढं ध्यानात ठेव.

पैशांचं आणखी थोडं. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी अठ्ठावीसचा चाळीस टक्के झाला. म्हणून खिडकीवर पैसे दिलेस की हातात किती रुपयांच्या चिप्स पडल्या ते तिथेच मोज आणि विचार. प्रवेशाच्या पैशांत ज्या चिप्स फुकट म्हणून देतात, त्यांतल्या काही फक्त खेळायच्या असतात, त्यांचे रोख होत नाहीत. आणि जिंकलासच, तर त्यावर तीस टक्के आयकर आणि वर उपकर. आदल्या रात्रीची हार त्यातून वजा करता येत नाही.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. कॅसिनोत एकवीस वर्षांखालच्या कुणाला खेळाच्या जागी सोडत नाहीत. तुझी दोघं तेरा आणि नऊ वर्षांची. मग तू आणि सूनबाई आत गेलात की पोरांजवळ कोण बसणार? अक्का. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरंच राखली, तुझीही आणि माझीही, मी शाळेत असताना. तिला समुद्र दाखवायला नेतोस आणि बोटीवरच्या मुलांच्या खोलीत बाकावर बसवतोस, असं होऊ देऊ नकोस. ती तोंडाने काही म्हणणार नाही, माळ ओढत बसून राहील. तुम्ही दोघं आळीपाळीने जा. एक तास तू, एक तास सूनबाई. अक्काला बोटीच्या गच्चीवर ने, तिथून पणजीचे दिवे पाण्यात दिसतात.

जेवणाबद्दलही माझं म्हणणं आहे. पॅकेजातलं जेवण फुकट नसतं, ते तुम्हाला आत थांबवण्यासाठी असतं. अक्का माळकरी आहे. तिच्यासाठी त्या लांबलचक मांडणीत पनीर आणि पिवळा भातच निघेल. एक सकाळ तिला पणजीत कॅफे तातो किंवा कॅफे भोसलेला ने. पाव, पातळ भाजी, मिरची भजी, गोड बन. साधी मेजं, गर्दी, शेजारी ऑफिसला निघालेली माणसं. तिथे ती पोटभर जेवेल आणि गावात येऊन महिनाभर सांगेल. तुम्ही खाणारे, तुम्ही दुपारी मासळीचं ताट घ्या, किसमूर आणि सोलकढी सोडू नका. तिथून चालत नदीकाठी जुन्या सचिवालयापाशी जा. शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, हात पसरून उभा आणि समोर बाई कलंडलेली. पोरं विचारतील हे काय चाललंय. संमोहनविद्येवर त्याचं मोठं काम आहे, सांग त्यांना. गोव्याचाच होता.

बरं, दादू, येत्या रविवारी इकडे ये, सगळ्यांना घेऊन ये. मी मासवडी करणार आहे. अक्काला सांग, रस्सा तिच्या बेताचा, तिखट कमी ठेवेन. नारायणगाव सोडलं की फोन कर आणि अंधार पडायच्या आत पोच, उसाच्या कडेने बिबट्या फिरतो आहे, मागच्या आठवड्यात वस्तीवरची शेळी नेली. जेवण झालं की पत्ते काढू. तू खेळशील, थोरला यंत्र होईल, धाकटी तक्ता वाचेल. चिंचोके धुऊन वाळत घातले आहेत, पुरे दोनशे.

तुझी,
मावशी